पडद्याअलीकडचे, पडद्यापलीकडचे

विमानात एक पडदा असतो. कापड म्हणाल तर आपल्या बैठकीच्या खोलीतल्या पडद्याहूनही पातळ. विमान वर चढून स्थिरावलं की हवाईसुंदरी येते, तो सर्रकन ओढते आणि बटण लावून टाकते. पलीकडे बिझनेस क्लास, अलीकडे आपण. आगगाडीत वर्ग बदलला की डबा बदलतो, मध्ये दारं असतात, फलाटावर उतरल्यावरही माणसं वेगवेगळ्या टोकांना असतात. विमानात सगळं एकाच नळकांड्यात. धक्के सर्वांना सारखेच बसतात आणि पोचण्याच्या वेळेत सेकंदाचाही फरक नसतो. फरक पाय किती लांब करता येतात एवढाच. पण चौदा तासांत पाय ही फार मोठी गोष्ट होऊन बसते. साठी ओलांडलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

इतकी वर्षं हा पडदा पैसेवाले आणि बाकीचे यांच्यामध्ये होता. अलीकडे तो घराच्या मधोमध येऊन पडला आहे. मुलगा पडद्याच्या पुढे आणि आईवडील मागे, किंवा नवरा पुढे आणि बायको दोन पोरांना घेऊन पस्तिसाव्या रांगेत, अशी दृश्यं आता नवलाची राहिलेली नाहीत. कारणंही साधी आहेत. मुलाचं तिकीट त्याच्या कंपनीनं काढलेलं असतं. वर्षानुवर्षं साठवलेले माइल्स एकाच मोठ्या जागेला पुरतात. विमान कंपनी 'इतके पैसे भरा, जमलं तर वरच्या वर्गात बसवू' अशी ई-मेलनं बोली मागवते आणि घरातल्या एकाचीच बोली लागते. कधी मागचं विमान जास्त भरलं म्हणून काउंटरवरची मुलगी चौघांपैकी एकालाच हसत हसत पुढचा बोर्डिंग पास देते. दिलेला मान नाकारवत नाही आणि मागे वळून घरच्यांकडे बघवतही नाही!

आमच्या बागेतल्या कट्ट्यावर आम्ही नऊजण जमतो. त्यातल्या सातजणांची मुलं परदेशात आहेत, त्यामुळे या विषयावर तिथे जेवढी चर्चा होते तेवढी अर्थसंकल्पावरही होत नाही. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या धंद्यानं नियम शिकवले आणि दुसऱ्यानं नियम मोडणाऱ्या माणसांविषयी माया. या प्रश्नाला दोन्ही लागतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडा इतिहास. प्रवासी विमानं सुरू झाली तेव्हा असा पडदा फारसा नव्हता, कारण विमानात बसणारा प्रत्येकजण पडद्यापुढचाच असायचा. १९५२ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग आला, १९५८ मध्ये 'इकॉनॉमी' आला. बिझनेस क्लास ही त्यानंतरची, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीची कल्पना. पूर्ण भाडं मोजणाऱ्या कचेरीच्या माणसाला स्वस्त तिकीटवाल्या पर्यटकांपासून जरा बाजूला बसवावं, एवढाच मूळ हेतू. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर एअर इंडियानं घेतलेल्या बोइंग ७८७ विमानांच्या मूळ मांडणीत पुढे १८ जागा होत्या आणि मागे २३८. म्हणजे पुढच्या एका माणसामागे मागची तेरा. त्या अठरांत आपल्या घरातला एक असणं म्हणजे काय, हे गणितानंही कळतं.

आगगाडीची गोष्ट वेगळी. साहेब पहिल्या वर्गात आणि नोकर शेजारच्या छोट्या कप्प्यात, अशी सोय जुन्या डब्यांत असे. पण कुटुंब म्हटलं की ते एकत्र. आम्ही बँकेतली माणसं सवलतीच्या रजेवर, म्हणजे एलएफसीवर जायचो, तेव्हा अधिकाऱ्याला ज्या वर्गाचा हक्क त्याच वर्गात त्याची बायकामुलं. त्यामुळे 'कोण पुढे, कोण मागे' हा प्रश्नच नसे. प्रश्न असे तो खालच्या बर्थचा. तो आजीला. खिडकी धाकट्याला. आणि आई कुठे बसली, हे नंतर कोणालाच आठवत नसे. ती बहुधा कोणाच्या तरी पायाशी, स्टीलच्या डब्यांच्या पिशवीला टेकून बसलेली असायची.

रेल्वेच्या कायद्यानं मात्र माणसांची ही देवाणघेवाण ओळखली आहे, आणि तिचं मला फार कौतुक वाटतं. रेल्वे अधिनियम, १९८९ चं कलम ५३ म्हणतं, की ज्याच्या नावाचं तिकीट त्यानंच ते वापरायचं. इथवर सगळे कायदे सारखेच. पण लगेच पुढे परंतुक आहे: एकाच गाडीनं जाणाऱ्या प्रवाशांनी आपापसात आसन किंवा बर्थ बदलून घेतला, तर या कलमाची त्याला आड नाही. ज्यानं कोणी हे वाक्य मसुद्यात घातलं, त्यानं रात्रीच्या गाडीनं कधीतरी म्हाताऱ्या आईबरोबर प्रवास केलेला असणार.

त्याच रेल्वेची दुसरी सोय आणखी मजेची आहे. गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी लेखी अर्ज केला, तर आपलं पक्कं तिकीट घरातल्या माणसाच्या नावे करता येतं. घरातलं म्हणजे कोण? आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको. संपली यादी. सून नाही, जावई नाही, सासूसासरे तर नाहीतच. कट्ट्यावर मी ही यादी वाचून दाखवली तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "सरकारनं एका ओळीत आमच्या घरातलं सगळं राजकारण लिहिलंय की!"

विमानात असली माया नाही. विमानाचं तिकीट सहसा सख्ख्या भावाच्या नावेही करता येत नाही. विमानात बसल्यावर जागा बदलणं हे कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर. एकाच वर्गात, एकमेकांच्या संमतीनं खिडकी देऊन कडेची जागा घेतली, तर कोणी फारसं बोलत नाही. पडदा ओलांडून बदल करायचा म्हटलं की कपाळाला आठी पडते. काही कंपन्या घरच्यांपुरती परवानगी देतात, काही साफ नाही म्हणतात. एकाच कंपनीत एक पर्सर हो म्हणतो आणि दुसरा नाही.

ही आठी निव्वळ शिष्टपणाची नसते. कोणत्या भागात किती माणसं आहेत, यावर विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब उड्डाणापूर्वी मांडलेला असतो. अजस्र विमानाला एका माणसानं काही होत नाही हे खरं, पण लहान विमानात होतं. दुसरी गोष्ट जेवणाची. कर्मचाऱ्यांच्या हातातल्या यादीत जागेपुढे नाव आणि नावापुढे पथ्य असतं. शाकाहारी, जैन, मधुमेही. तुम्ही न सांगता जागा बदललीत, की तुमचं बिनसाखरेचं ताट पडद्यापुढे जातं आणि तुमच्यापुढे भलतंच येऊन बसतं. कोणाला भोवळ आली, तर यादी पाहून त्याला ज्या नावानं हाक मारतील ते नाव त्याचं नसेल. संकटकाळी उघडायच्या दाराशेजारची रांग तर देवाणघेवाणीत धरूच नये. तिथे बसणाऱ्याला दार उघडता आलं पाहिजे, म्हणून लहान मुलं आणि व्हीलचेअरवरून आलेली मंडळी तिथे बसवत नाहीत. (मुंबईच्या विमानतळावर अमेरिकेच्या विमानापुढे लागलेली व्हीलचेअरची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या हे चटकन लक्षात येईल.)

या सगळ्यात माझ्या उपयोगी पडतो तो १८८१ चा एक कायदा. चेकवर दोन आडव्या रेघा मारून मध्ये 'नॉट निगोशिएबल' असं लिहितात, ते पुष्कळांनी पाहिलं असेल. अर्थ असा, की चेक दुसऱ्याला देता येतो, पण घेणाऱ्याला देणाऱ्याहून चांगला हक्क मिळत नाही. देणाऱ्याच्या हक्कात खोट असली तर ती खोट चेकबरोबर पुढे जाते. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम १३०. पदोन्नतीच्या परीक्षांसाठी हे मी इतक्यांदा घोकलं, की विमानातली पुढची जागा पाहिली तरी मला तिच्यावर त्या दोन रेघा दिसतात. ही जागा मिळाली कुठून आणि कोणासाठी, हे आधी बघावं. मग ती पुढे देता येते की नाही याचा पुष्कळसा उलगडा होतो.

कंपनीच्या तिकिटाचं बघा. मुलगा कामासाठी लंडनला चालला आहे, त्याच विमानात त्यानं स्वतःच्या पैशानं आईवडिलांची मागची तिकिटं काढली आहेत. नातेवाईक म्हणतात, बघा, स्वतः पुढे बसला आणि बापाला मागे टाकलं! मला हे मान्य नाही. उतरल्यावर चार तासांनी त्याला कोणापुढे तरी उभं राहून बोलायचं आहे. तो झोपलेला असावा म्हणून कंपनीनं पैसे मोजले. ती जागा त्याच्या मालकीची नाही, त्याच्या कामाच्या मालकीची आहे. बापाला तिथे बसवून तो रात्रभर मागे अवघडला, तर तो बापाची सेवा दुसऱ्याच्या पैशानं करतो आहे. आईवडिलांनीही त्याला उगाच कानकोंडं करू नये. मात्र विमान वर चढल्यावर एकदा त्यानं मागे यावं, पाणी मिळालं का, पांघरूण मिळालं का ते विचारावं, आणि उतरताना पुढच्यांबरोबर झपाझप निघून न जाता दाराबाहेर थांबावं. आमच्या कट्ट्यावरच्या एकाचा मुलगा असा थांबला होता. कडेला उभा राहून तो वीस मिनिटं फोनकडे बघत होता. वडिलांना प्रवासातलं तेवढंच आठवतं.

लहान मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. धाकटी मुलं मागे असताना बापानं एकट्यानं पुढे जाऊन आडवं होणं मला पटत नाही, मग ती जागा त्याला फुकट मिळालेली का असेना. ती बायकोला द्यावी. ती नको म्हणाली तर पुन्हा द्यावी. ती खरोखरच नको म्हणत असेल, तर काउंटरवर परत करावी. तासातासानं अदलाबदल करू, ही तोड ऐकायला बरी वाटते. प्रत्यक्षात पहिल्या पाळीत जेवण, दुसऱ्या पाळीत अंधार आणि झोप, तिसऱ्या पाळीत उतरायची धांदल असते. कोणाची पाळी कोणती यावरून तीस हजार फुटांवर भांडण होतं. वर चादर एकच, उशी एकच, आणि शेजारच्यानं पैसे मोजले आहेत ते शांततेसाठी. दर दोन तासांनी त्याच्या बाजूला नवं माणूस येऊन आसनाची बटणं दाबून बघत बसलं, तर त्याला काय वाटेल? मूल पुढे आणून थोडा वेळ बसवायचं, तेही नको. अनेक कंपन्या बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर त्याच वर्गात मोठं माणूस लागतं असं सांगतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच आरक्षणातल्या आई, वडील किंवा पालकापैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्या. हे सांगायला सरकार लागावं, यावरून जागा विकण्याचा धंदा कुठवर आला आहे ते कळतं.

आणि परक्या माणसाला उठवण्याबद्दल. आपल्याकडे 'जरा सरकता का' हा सार्वजनिक हक्क आहे. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. तीच सवय घेऊन माणसं विमानात जातात आणि पुढच्या वर्गात एकट्या बसलेल्या बाईला सांगतात, माझी मिसेस मागे आहे, तुम्ही तिच्या जागी जाता का? हे विचारूसुद्धा नये. मागायचंच तर देऊ करतो ती जागा तिच्या जागेइतकी किंवा तिच्याहून बरी हवी. नाहीतर ती विनंती राहत नाही, चारचौघांत घातलेला पेच होतो. एकत्र बसायची ओढ असेल त्यानं स्वतः मागे यावं. मागच्याला पुढे पाठवणं कोणालाही सहज जमतं, त्याच्याबद्दल तक्रार ऐकलेली नाही.

घरच्या माणसाला वरच्या वर्गाची सोय द्यावी की नाही, हा प्रश्न एका फार मोठ्या माणसालाही पडला होता, आणि तोही आपल्या कल्याण स्टेशनावर. १९१५ चा फेब्रुवारी. गोखले गेल्याची बातमी शांतिनिकेतनात पोचली आणि गांधीजी पुण्याला निघाले. बरोबर कस्तुरबा आणि मगनलाल, प्रवास तिसऱ्या वर्गाचा आणि अतोनात हालाचा. कल्याणला पोचल्यावर गांधीजी आणि मगनलाल यांनी फलाटावरच्या नळाखाली अंघोळी उरकल्या. कस्तुरबांचं काय करायचं? तेवढ्यात गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले एक गृहस्थ भेटले. त्यांनी कस्तुरबांना दुसऱ्या वर्गाच्या स्नानगृहात नेण्याची तयारी दाखवली. तिसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तिथे जायचा हक्क नाही, हे गांधीजींना पक्कं ठाऊक होतं. ते घुटमळले आणि मग त्यांनी जाऊ दिलं. पुढे आत्मचरित्रात त्यांनी याची नोंद केली. सत्याच्या उपासकाला हे शोभलं नाही, आणि बायकोला तिथे जायची हौस होती असंही नाही. नवऱ्याची माया सत्यापेक्षा वरचढ ठरली, असा तिचा आशय.

कल्याण स्टेशनावरून मी हजारदा गेलो असेन. गाडी तिथे थांबली की मला ती अंघोळ आठवते. एक बालदी पाणी आणि बंद होणारं दार. नियम कोणाचं मन मोडत होता आणि मोडल्यानं कोणाचं नुकसान होत होतं, हे तराजूत घातलं तर बहुतेकजण कस्तुरबांना जाऊ देतील. पण मला त्या हकिगतीतलं दुसरंच काही लागतं. कस्तुरबांना त्या स्नानगृहात जायचं होतं का, हे त्या फलाटावर कोणी त्यांना विचारलं असेल?

हे लागण्याला कारण आहे. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही दोघं न्यू जर्सीला लेकीकडे निघालो. त्याआधीच्या वर्षी हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. लेकीला नोकरीपायी दर सोमवारी पहाटे विमान गाठावं लागतं आणि गुरुवारी रात्री परतावं लागतं. त्या पायपिटीतून साठलेले माइल्स तिनं खर्च केले आणि आखाती शहरातून पुढच्या चौदा तासांसाठी बिझनेसची एक जागा काढली. एकच मिळत होती. ती आईच्या नावे.

फोनवर तीन आठवडे वाटाघाटी झाल्या. "अगं, एवढे पॉइंट कशाला जाळलेस? बाबांना बसव तिथं, त्यांची पाठ बघ." "आई, तिकीट तुझ्या नावाचं आहे." "मग आत गेल्यावर आम्ही बदलू." यावर लेक जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बदललंत तर मला सांगू नका." त्या गप्प राहण्यात काय होतं ते मला लगेच समजलं. तिच्या लहानपणीच्या प्रत्येक प्रवासात तिची आई कोणाच्या तरी पायाशी बसलेली होती. कन्याकुमारीच्या गाडीत, कोल्हापूरच्या एसटीत, माझ्या बदल्यांच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी देव्हारा मांडीवर घेऊन. नोकरी लागल्यापासून पोरगी ती जागा विकत घ्यायला पैसे साठवत होती. दोन आडव्या रेघा मारलेल्या जागेवर मी कोणत्या हक्कानं बसणार होतो?

म्हणून मी नाही म्हटलं. हिला ते पटलं नव्हतं. विमान वर चढलं, पडदा ओढला गेला. तासाभरानं एक हवाईसुंदरी माझ्या रांगेशी आली आणि कागदी रुमालात गुंडाळलेले बदाम माझ्या हातात देऊन गेली. "मॅडमनी पाठवलेत." मग काही वेळानं मॅडम स्वतःच आल्या. हळूहळू, एकेका आसनाची पाठ धरत.

"अहो, मी विचारलंय त्यांना. घरचं माणूस असेल तर चालेल म्हणाल्या. जा तुम्ही."

"जेवलीस का?"

"जेवले. काचेच्या बशीत दिलं. जा ना."

"पाय लांब केलेस?"

"केले. पलंगच आहे तो." मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन म्हणाली, "पण तिथं बोलायला कुणी नाही हो. मध्ये भिंतच आहे. शेजारी कोण बसलंय तेसुद्धा दिसत नाही."

माझ्या शेजारी एक ताडमाड उंच तरुण बसला होता, गुडघे पुढच्या आसनात रुतलेले. तो मराठी आहे हे तोवर आम्हाला ठाऊक नव्हतं. तो चटकन म्हणाला, "काकू, तुम्ही बसा इथं काकांजवळ. मी जातो तिकडे." तो थट्टेत बोलला असावा, निदान निम्मा तरी. पण ही लगेच माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊ दे की त्याला. पोराचे पाय बघा किती लांब आहेत!"

लेकीच्या तीन वर्षांच्या पहाटा त्या मुलाच्या पायांवरून ओवाळून टाकायला ती दोन सेकंदांत तयार झाली होती. जिनं आयुष्यभर खिडकी, खालचा बर्थ आणि पोळीचा पहिला फुगा दुसऱ्याला दिला, तिच्या हातात काही ठेवून घ्यायची सवयच उरलेली नव्हती. सुदैवानं ती हवाईसुंदरी जवळच होती. तिनं हसून मान हलवली. घरचे असतील तर ठीक, इतरांना नाही. मुलगा ओशाळला, मग उठून पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेला आणि चांगला पाऊण तास परतला नाही. मला वाटतं, तो मुद्दामच परतला नाही. तेवढा वेळ ही माझ्याशेजारी बसली. आम्ही बदाम खाल्ले. तिनं त्या आसनाची सगळी बटणं मला सांगितली, कुठल्यानं पाठ जाते आणि कुठल्यानं दिवा लागतो. लेकीच्या घरच्या कढीलिंबाच्या कुंडीबद्दल बोललो. मग मी म्हटलं, "आता जाऊन झोप. पोरगी विमानतळावर तुझा चेहरा बघणार आहे, माझा नाही." ती गेली आणि सहा तास आडवी झाली, हे तिनं नंतर जरा अपराधी स्वरात कबूल केलं.

कट्ट्यावर हे सांगितलं तेव्हा मतं फुटली. एकाचं म्हणणं, तुम्ही जायला हवं होतं, ती आनंदानं मागे झोपली असती. असेलही. पण मग लेकीला काय सांगायचं होतं? दुसऱ्याचं म्हणणं, या गोष्टी तिकीट काढायच्या आधी बोलून घ्याव्यात. हे मला पटतं. पुढची जागा कोणाची, मध्ये बदल करायचा की नाही, आणि करायचा तर देणाऱ्याला तो चालेल का, हे घरच्या टेबलावर, चहा पिताना ठरवावं. बदल ठरलाच तर तो शक्यतो काउंटरवर सांगावा, म्हणजे नाव, जागा आणि ताट एकत्र राहतात. तिथे जमलं नाही तर विमान वर गेल्यावर, जेवणाच्या गाड्या रस्त्यात नसताना पर्सरला विचारावं. एकदाच, आणि नाही म्हटलं तर वाद घालू नये. खाऊ पडद्याच्या अलीकडे-पलीकडे पाठवायचा मोह आवरावा. बदामाचं मी काही बोलत नाही.

या डिसेंबरात पुन्हा जायचं आहे. परवा लेकीचा फोन आला, या खेपेलाही माइल्स आहेत, पण पुन्हा एकाच जागेपुरते. हिनं फोन माझ्या हातातून घेतला. "मला एक सांग," ती म्हणाली, "ते पॉइंट घालून दोघांना मागेच, पण पाय जरा पसरता येतील असं काही मिळतं का? शेजारीशेजारी." पलीकडून लेक म्हणाली, मिळतं, पण ते झोपायचं नसतं आई, थोडं रुंद असतं इतकंच.

"चालेल," ही म्हणाली. "खिडकी मला घे."